तुबलीच्या गॅरेजमधली फायनल

माझ्या पासपोर्टवरचा पहिला शिक्का बहारीनचा आहे. नव्वदीचं दशक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. मी नागपूरच्या एका दवाखान्यात एक्सरे टेक्निशियन म्हणून नुकतीच पर्मनंट झाले होते, आणि माझा मोठा भाऊ मिलिंददादा बहारीनच्या मीना सलमान बंदराजवळ एका वर्कशॉपमध्ये क्रेनची दुरुस्ती करायचा. त्यानं व्हिसाचा कागद पाठवला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या: "पर्मनंट झाली ना, आता महिनाभर ये. रंजनाले पण सोबत होईल." रंजना म्हणजे वहिनी. बाबा गेल्यावर घर दादानंच चालवलं, मला शिकवलंही त्यानंच. त्यानं ये म्हटल्यावर मी रजेचा अर्ज टाकला.

खरं सांगायचं तर मला फार भीती वाटत होती. विमानाची भीती होती आणि इमिग्रेशनच्या खिडकीचीही. नागपूर आणि शेजारचं आमचं कामठी सोडून मी एकटी रायपूरपर्यंतसुद्धा गेले नव्हते. आईनं ज्वारीचं पीठ, तिखट आणि वाळल्या बोरांचं बोरकूट बांधून दिलं. मुंबईच्या विमानतळावर मी चार तास त्या पिशवीवर हात ठेवून बसले होते.

विमानतळ मुहर्रकच्या बेटावर आहे. तिथून पुलावरून मनामात येताना दोन्ही बाजूंना समुद्र होता, पण काचेबाहेर हात काढला तर तव्यावर धरल्यासारखा चटका बसला. तुम्ही जाणार असाल तर मे महिना टाळा, नोव्हेंबर ते मार्च जा. दादाचं घर मनामाच्या नईम भागात होतं. जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, दोन खोल्या, खिडकीत घरघरणारा एसी आणि खाली भट्टीवाला. सकाळी वहिनी शंभर फिल्सचं नाणं घेऊन खाली जायची आणि गरम कुबूसची चळत घेऊन वर यायची. ती रोटी घरच्या वांग्याच्या भाजीशी इतकी छान लागते की ज्वारीचं पीठ दोन दिवस तसंच पडून राहिलं.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही बाब-अल-बहारीनचा बाजार पाहिला, मोत्यांची दुकानं नुसती बाहेरून पाहिली, मुहर्रकचा केशरी हलवा खाल्ला. संध्याकाळी मात्र वहिनी लवकर घरी चला म्हणायची. तेव्हा तिथे अधूनमधून अशांतता असायची. गावांच्या रस्त्यांवर टायर पेटायचे, पोलीस वाटा अडवायचे. दादा म्हणायचा, "आपल्याले कोणी काही करत नाही. पण पाहायलाही जायचं नाही."

गुरुवारी दादाची अर्धी सुट्टी होती. त्यानं कपाटातून व्हिडिओ कॅसेट काढल्या. त्याच्या इंग्रज सुपरवायझरनं दिलेल्या इंग्लिश कप फायनल्स होत्या त्या. आम्ही कामठीचे, तिथे गल्लोगल्ली फुटबॉल, त्यामुळे तो खेळ घरात मुरलेला. दादा लहानपणापासून गोलकीपर होता आणि इथेही कामगारांच्या शुक्रवारच्या टीममध्ये तोच गोलात उभा राहायचा.

त्या दिवशी त्यानं मला त्याचे आवडते तुकडे दाखवले. एक नावाजलेला खेळाडू सुरुवातीलाच वेड्यासारखा एकाच्या पायात घुसतो, स्वतःचाच गुडघा फाडून घेतो आणि स्ट्रेचरवर जातो. त्याच्याशिवाय त्याची टीम जिंकते आणि कप दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी नेते. दुसऱ्या एका फायनलची पहिली मॅच बरोबरीत सुटलेली. पुन्हा खेळलेल्या मॅचमध्ये नाक मोडलेला एक बचावपटू अगदी शेवटच्या मिनिटाला डोक्यानं गोल करतो. आणि मग दादाचा सगळ्यात लाडका तुकडा, जुना काळा-पांढरा. एक गोलकीपर पुढून येणाऱ्याच्या पायांवर झेपावतो, आपटतो, उठतो, आणि उरलेली पंधरा-सतरा मिनिटं मान धरून खेळतो. टीम जिंकते. काही दिवसांनी एक्सरे काढल्यावर कळतं की मान मोडली होती.

"पाह्य, सुजे," दादा म्हणाला. "असा कीपर पाहिजे."

मी म्हणाले, "दादा, एक मणका दुसऱ्यात अडकून बसला असेल म्हणून वाचला तो. माझ्याकडे असे पेशंट येतात, ते सगळे वाचत नाहीत."

तो हसला आणि त्यानं कॅसेट मागे फिरवून तो तुकडा परत लावला.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही मॅचला गेलो, ऊन चढायच्या आत. मैदानात गवत नव्हतं, नुसती दाबलेली वाळू होती. दादाचा मित्र थॉमसभाई टीमचा कॅप्टन होता, केरळचा वेल्डर, सदा हसतमुख. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचा एक दांडगा गडी बॉल घेऊन एकटाच सुटला. दादा त्याच्या पायांवर झेपावला आणि त्या गड्याचा गुडघा सरळ दादाच्या डोक्यावर बसला.

दादा पालथा पडून राहिला. मी दहा आकडे मोजले. मग तो उठला, वाळू झटकली, हात वर केला. उरलेला वेळ खेळला. आम्ही जिंकलो आणि थॉमसभाईनं त्याला खांद्यावर घेतलं.

परत येताना टॅक्सीत वहिनीनं त्याला काही विचारलं, तेव्हा दादानं मान वळवली नाही. अख्खं अंग वळवलं. दुपारी तो गादीवर झोपला. उठताना त्यानं उजव्या हातानं स्वतःचं डोकं मागून धरलं आणि मग उठून बसला.

मी दारात उभी होते. मणका हललेला माणूस नेमका असाच उठतो. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असं कुणी उठताना दिसलं तर आम्ही धावत जाऊन त्याला आडवं करतो.

"दादा, एक एक्सरे काढून घेऊ," मी म्हणाले.

"काही नाही झालं. लचक आहे."

"बोटांना मुंग्या येतात का?"

"तू काऊन घाबरून राहिली?" तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणला, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून. "दवाखान्यात गेलो तर कंपनीला कळते. अनफिट लिहिलं की खलास. व्हिसा गेला, घर गेलं. दोन दिवसात बरी होते मान."

मी आणखी बोलायला हवं होतं. वहिनीला सांगायला हवं होतं. पण तो दादा होता, आणि त्याच्यासमोर आवाज चढवायची मला सवय नव्हती. मी त्याच्या मानेला टॉवेलची घडी गुंडाळली आणि गप्प बसले. शनिवारी तो तसाच शिफ्टला गेला. दिवसभर मी खिडकीत उभी होते. क्रेनवर चढला तर? कुणी मागून हाक मारली आणि त्यानं झटकन वळून पाहिलं तर? वहिनीनं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा ऊन लागलंय म्हणाले.

तो साडेचारला आला. त्या दिवशी इंग्लिश कपची त्या वर्षीची फायनल होती, बहारीनच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचला. मॅच पाहायला जायचं होतं तुबलीला, खाडीच्या बाजूला, अबू यूसुफ नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये. अबू यूसुफ बहारीनी, पन्नाशीचा. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती. त्यानं गॅरेजमध्ये मोठा टीव्ही लावला होता आणि भंगारातल्या गाड्यांच्या सीटा ओळीनं मांडल्या होत्या. वहिनी घरीच थांबली. मी मात्र हट्टानं गेले, दादाच्या शेजारी बसायला.

मॅच सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. निळ्या टीमच्या एका इटालियन खेळाडूनं लांबून असा फटका मारला की बॉल बारला घासून आत गेला. गॅरेज उसळलं. मागच्या सीटवरून थॉमसभाईनं आनंदानं दादाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि त्याला मागे ओढलं.

दादा ओरडला नाही. त्याच्या डाव्या हातातला चहाचा ग्लास सुटून खाली पडला, आणि तो त्या हाताकडे बघत राहिला.

"सुजे," तो अगदी हळू म्हणाला. "अंगठा जाणवत नाही."

मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं आणि हिंदीत म्हणाले, "कोणी हात लावू नका. टीव्ही बंद करा."

टीव्ही बंद झाला. अबू यूसुफनं फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईल, पण वेळ लागेल, असं कळलं. पलीकडच्या गावाच्या रस्त्यावर टायर पेटवले होते आणि वाट अडवली होती. आम्ही थांबलो. मी डोकं न सोडता दर मिनिटाला अबू यूसुफला दादाच्या हाताला टाचणी लावायला सांगत होते. आधी अंगठा, मग पहिलं बोट. मग मनगटाच्या वरही त्याला टाचणी कळेना. तेव्हा मला वाटलं, आता थांबले तर पायही जातील. आणि हलवलं तर कदाचित या क्षणीच जातील.

गाडीखाली सरकायला मेकॅनिक वापरतात ती फळी अबू यूसुफनं आणली. चाकं काढायला त्याला दोन मिनिटं लागली. मी डोकं धरलं, मी एक-दोन-तीन म्हटल्यावर चौघांनी दादाला फळीवर घेतलं. कानांच्या दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या ठेवल्या आणि कपाळावरून पट्टा ओढून बांधला. थॉमसभाई रडत होता. त्याला मी पाय धरायला सांगितले, म्हणजे त्याचे हात कामात राहतील.

पिकअपच्या मागच्या हौद्यात आम्ही दादाला ठेवलं. दवाखाना चार-पाच किलोमीटर असेल. अबू यूसुफ माणूस चालतो त्या वेगानं गाडी चालवत होता, आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी थांबून खिडकीतून सांगत होता, "बहन, अब आएगा." लोखंड इतकं तापलं होतं की माझे गुडघे भाजले. ते मला रात्री कळलं.

मुख्य रस्त्याला लागण्याआधी पोलिसांनी अडवलं. लांब काळा धूर दिसत होता. एक पोलीस हौद्यापाशी आला आणि हातानं खूण केली: उतरा, सगळे.

दादा आज्ञाधारक माणूस. परक्या देशात पोलीस उतर म्हणाला, तर तो उठायला लागला. पट्टा ताणला. मला त्याच्या मानेचे स्नायू हाताखाली ताठ होताना कळले.

मी त्याच्या कपाळावर तळवा दाबला. "मिलिंद, हलायचं नाही," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्याला नावानं हाक मारली. "तुझी मान मोडली आहे. हलला तर मरशील."

हे कुणी तोवर उच्चारलं नव्हतं. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं. अबू यूसुफ उतरून पोलिसाशी अरबीत भराभर बोलत होता. पोलिसानं पुन्हा हौद्यात वाकून पाहिलं, फळी पाहिली, माझे हात पाहिले. मग तो वळला आणि लोखंडी अडथळा स्वतः ओढून बाजूला केला.

एक्सरे काढणारी बाई फिलिपिनो होती. मी माझं काम सांगितल्यावर तिनं मला फिल्म बघू दिली. उजेडाच्या पेटीवर मी मणके वरून मोजत आले. सहाव्याला तडा होता आणि पाचवा त्याच्यावरून पुढे सरकला होता. रोज इतरांच्या फिल्म मी अशाच मोजते. त्या दिवशी मात्र मी परत पहिल्यापासून मोजले.

डॉक्टरांनी डोक्याला वजन लावून मान ताणून ठेवली. पहिले तीन दिवस कोणी काही खात्रीनं सांगत नव्हतं. वहिनी आणि मी आळीपाळीनं बसायचो. शुक्रवारीच मला कळलं होतं, हे मी तिला रविवारी सांगितलं. ती म्हणाली, "मलाही दिसत होतं ना. मीही त्यांनाच घाबरले." बुद्धपौर्णिमेला तिनं खीर आणली. चमच्याच्या टोकानं ती दादाच्या ओठांना लावत असताना तो म्हणाला, "अंगठ्याले मुंग्या येऊन राहिल्या." वहिनीनं चमचा खाली ठेवला आणि आम्ही दोघी त्याचा अंगठा धरून बसलो.

थॉमसभाई रोज यायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा. चौथ्या दिवशी दादानंच त्याला आत बोलावलं आणि मॅच कोणी जिंकली ते विचारलं. निळ्यांनी शेवटी आणखी एक गोल मारला होता. दादानं ऐकून डोळे मिटले. त्या कॅसेट त्यानं नंतर थॉमसभाईला देऊन टाकल्या.

दादाला वाटत होती ती भीती निम्मी खरी ठरली. कंपनीनं त्याला लगेच काढलं नाही. तीन महिने कॉलर लावून झाल्यावर स्टोअरमध्ये बसवलं, पण कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. पुढच्या वर्षी ते दोघं कामठीला परतले. आज तो चालतो, स्कूटर चालवतो. डाव्या हाताची पकड मात्र कमीच राहिली.

बहारीनमध्ये पाहण्यासारखं पुष्कळ आहे. जुना किल्ला, वाळवंटात एकटं उभं असलेलं झाड, सौदीकडे जाणारा लांबच लांब पूल. यातलं मी काहीच पाहिलं नाही, तुम्ही जरूर पाहा. माझ्यापाशी राहिलं ते हातांत. चालत्या गाडीत माणसाचं डोकं किती जड असतं, ते अजून माझ्या तळव्यांना आठवतं. आणि शुक्रवारची दुपार ते शनिवारची संध्याकाळ, हा जो एक दिवस मी गप्प राहिले, तोही राहिला आहे.

निघताना दादानं ताकीद दिली होती, "आईले काही सांगू नको. तिचं बीपी आहे." मी मान डोलावली होती. कामठीला रिक्षातून उतरले तेव्हा आई फाटकातच उभी होती. तिनं पिशवी घेतली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मिलिंद बरा आहे ना?"

मी तिला हात धरून ओट्यावर बसवलं, शेजारी बसले, आणि म्हणाले, "आता बरा आहे. पण आई, काय झालं होतं ते सगळं सांगते, ऐक."