कंडक्टरच्या कपाकडं पाहणाऱ्या कुंदाकाकू

दारव्ह्यात सध्या अशी हवा आहे, की आमच्या गल्लीतल्या कुंदाकाकूंनी इटलीत लाल रुमाल हलवून आगगाडी थांबवली. गल्लीतल्याच हंसाबाईंच्या तोंडी तर ती गाडी चक्क मागं आली.

सगळं खोटं. गाडी उभीच होती. रुमाल पिवळा होता, कोपऱ्याला लोणच्याचा डाग. आणि तो हलवला नव्हता, सीटवर टाकला होता. जागा धरायला! डब्यात माणसं मोजून सहा. पण एकोणतीस वर्षं एसटीनं दारव्हा-यवतमाळ करून कचेरी गाठलेल्या बाईचा हात रिकाम्या डब्यातही ऐकत नाही.

खरी गोष्ट रुमालाच्या आधीची आहे.

काकूंची एकुलती एक मिताली तिकडं शिकते. तिची शेवटची तोंडी परीक्षा दुपारी तीनला, आणि ती होताच तिथल्या तिथं पदवी. बघायला घरचं माणूस म्हणजे काकूच. विमान उशिरा उतरलं. मधल्या एका छोट्या स्टेशनावर गाडी बदलायला चौदा मिनिटं. ती चुकली तर पुढची दोन तासांनी, म्हणजे सगळं आटोपल्यावर.

त्या स्टेशनाचं नाव काकूंना अजून म्हणता येत नाही. "ते मधलं," म्हणतात. चार फलाट, एक कॉफीचं दुकान, कुंड्यांत फुलं, आणि हमाल औषधालाही नाही. काकूंजवळ दोन बॅगा: एक तेवीस किलोची, एक एकोणीसची. मोठीत निम्मे सरगुंडे. घरी वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया, त्याही इटलीला!

बोर्डावर लिहिलेलं, फलाट एक. लोक तिथं बाकांवर निवांत बसलेले. काकू बसल्या नाहीत. "बोर्डाचं काय खरं, बाप्पा? आपल्या स्टँडवर पाटी पुसदची अन् गाडी आर्णीची. आपून कंडक्टरचा कप पाहाचा. कप खाली ठेवला, का त्याच्या मागं निंगाचं."

तर कॉफीच्या दुकानात एक टोपीवाला उभा होता, गळ्यात शिट्टी, हातात बोटभर कप. काकूंनी त्याच्यावर डोळा ठेवला. त्यानं कप ठेवला, मिशी पुसली, आणि फलाट एककडं न येता भुयाराच्या पायऱ्या उतरायला लागला.

बोर्डावर अजूनही एकच. बाकांवरचं कुणी हललं नाही.

काकूंनी मोबाईल काढला. अंगठा मितालीच्या नावावर. सहा मिनिटं उरलेली. फोन केला असता, तर पोरगी परीक्षा सोडून धावत आली असती. मोबाईल पर्समध्ये गेला.

"चाल कुंदे," स्वतःलाच म्हणाल्या, आणि टोपीच्या मागं निघाल्या.

दोन्ही बॅगा एकदम उतरवणं शक्य नव्हतं. एक सहा पायऱ्या खाली, दुसरी नजरेत. मग वर जाऊन ती आणायची. असं करत भुयार गाठलं. पलीकडं चढताना दम लागला. समोरून कुत्रं घेऊन एक जाडजूड बाई उतरत होती.

"ओ बाई, हे धरनं जरा!"

आणि त्या बाईनं धरलं! काकूंचं ते 'धरनं' ऐकून तुम्हीही धरलं असतं. बाईनं मोठी बॅग उचलली, कुत्र्याची साखळी काकूंच्या हाती दिली, आणि अशी ही वरात चौथ्या फलाटावर पोचली. गाडी उभी, दार बंद. काकूंनी दारावर थाप मारली.

"ओ मास्तर! मले जायाचं हाये!"

टोपीवाल्यानं हसून हिरवं बटण दाबलं. बॅगा आत, काकू आत, रुमाल सीटवर, कुत्रं परत बाहेर. तेव्हा कुठं भोंग्यावरून काहीतरी सांगितलं, आणि फलाट एकची मंडळी धावत सुटली. तिघं पोचले.

तीनला दहा कमी असताना काकू पहिल्या रांगेत होत्या, केसांत कंगवा फिरवून.

नंतर, डोक्यावर तिकडच्या रिवाजाप्रमाणं पदवीचा पानांचा मुकुट घातलेली मिताली रागावली. "आई, फोन काहून नाही केला?"

"तू अभ्यास करून राह्यली असशील म्हनून."

आता माझं. मी समोरच्या घरातली गुंजन. काकूंची नक्कल मी सहावीपासून करते, त्यांच्या पाठीमागं. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्याशीच पैज लावलेली, की मधल्या स्टेशनावरून 'मिताली, कुटी जाऊ वं?' असा फोन जाणारच. मी हरले तर काय करायचं ते काकूंनी ठरवलेलं: गुंजननं नक्कल करायची, पण काकूंच्या तोंडावर, गल्लीसमोर.

परवा ती केली. "ओ बाई, हे धरनं जरा!" म्हणताना माझे कान तापले. गल्ली हसली. काकू मात्र न हसता ऐकत होत्या, हातात चहाचा कप.

"आवाज बरा हाये," त्या म्हणाल्या, कप खाली ठेवत. "पन गुंजे, तेवीस किलो उचलल्यावर असा निंगत नाही. जाय, आतली बॅग आन अन् पुन्हा कर."