काचेमागची लाल रेघ

पहिला संशय टूथपेस्टवरून आला. कॉलेजात गेल्यावर मी हट्ट करून घरात टूथपेस्ट आणवली होती. तोवर आमच्याकडे सगळे राखुंडीनेच दात घासत. ती नळी मी एकटीच वापरत होते, तरी चार दिवसांत निम्मी झाली. मी आईला विचारलं.

"मी काहून घेऊ वं? माह्या तोंडाले झोंबते ते."

"मग कोण घेतं?"

"भूत घासून राहिलं असंल दात. कॉलेजात शिकते, तर शोधून काढ."

रविवारी दुपारी भूत सापडलं. बाबा अंगणात वर्तमानपत्रावर बसले होते. त्यांच्या हातात फ्लॅनेलचा तुकडा होता आणि शेजारी माझी नळी. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक चकती ते घासत होते. घासायची, धुवायची, आभाळाकडे धरून पाहायची, पुन्हा घासायची. मला पाहून ते ओशाळले. "थोडीशीच घेतली बेटा. याच्यानं साफ निघते."

बाबा सदरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. आम्ही नंदनवनाच्या बाजूला राहायचो, तिथून ते सायकलने जात. लोखंड कातायच्या ज्या लेथवर ते काम करत, तिला ते खराद म्हणत. ती इंग्रजांच्या वेळची होती. सावनेरकडच्या खाणींतल्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, तिच्यावर दुरुस्तीला येत. मशीनच्या डाव्या अंगाला एक बंद पेटी असते, तिच्यात गिअर तेलात अर्धे बुडून फिरतात. त्या पेटीला एक गोल काच असते, आत तेल किती आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. पण ही काच इतकी जुनी झाली होती की तिच्या अर्ध्यापर्यंत तपकिरी डाग पक्का बसला होता. तेल असो की नसो, काच कायम अर्धी भरलेली दिसे. बाबा तिच्याकडे पाहतच नसत. दर शनिवारी वरचं झाकण काढून आत तार बुडवायची आणि तेल पाहायचं, अशी त्यांची अठरा वर्षांची रीत होती.

त्या वर्षी मोठ्या शेठनी घरी बसून मुलाच्या हाती कारभार दिला. मोठे शेठ बाबांना मिस्त्रीजी म्हणत. छोटे शेठ 'काहून गा मिस्त्री' म्हणत. त्यांना तारेची रीत पटली नाही. "तार तुमच्या हातात, मले काय दिसते? काच पायजे," ते म्हणाले.

अशी काच बाजारात मिळत नव्हती. बाबांनी सदरमधल्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा आणला आणि त्याच खरादीवर त्याची चकती कातली. ते मला सांगत होते आणि मी प्रॅक्टिकलच्या वहीत लिहून घ्यावं तसं ऐकत होते. "लोखंडासारखी घाई नाई चालत याले. जोर केला का तापते, अन् कडा गुळाच्या पाकावानी ओढल्या जाते. साबणाचं पाणी सोडत, केसाएवढं केसाएवढं काढा लागते." मग पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी माझी टूथपेस्ट. चकतीमागे बसवायला त्यांनी पत्र्याचा गोल कापून पांढरा रंगवला होता आणि त्यावर मधोमध एक लाल रेघ ओढली होती. तेल त्या रेघेवर असलं की पुरेसं. ती रेघ त्यांनी माझ्या पट्टीने आखली होती. मला फार अभिमान वाटला.

काच बसली. पेटीतलं सगळं जुनं तेल काढून नवीन भरलं गेलं. पहिले दोन-तीन दिवस छोटे शेठ येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती काच दाखवत. मग आठवडाभरात एका संध्याकाळी बाबा अर्ध्या भाकरीवरच उठले. आईने दोनदा विचारल्यावर म्हणाले, "शेठ म्हणते, मी तेल काढून राहिलो."

झालं होतं ते असं. छोटे शेठ सकाळी काम सुरू व्हायच्या आधी येत, तेव्हा तेल बरोबर लाल रेघेवर असे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की घरी जाताना पुन्हा काच पाहत, तेव्हा तेल रेघेच्या बरंच खाली असे. रोज. त्यांनी हिशोब लावला की मिस्त्री दुपारी तेल काढतो आणि सकाळी वर्कशॉपमधल्या तेलाच्या ड्रममधून परत भरून ठेवतो.

"तुम्ही काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"म्हटलं ना. चालू मशीनमंदी गिअर तेल वर घेऊन जाते. थांबली का हळूहळू खाली येते. जरा थांबून पाहा, म्हटलं."

"मग?"

"म्हणते, अठरा वर्षं नाई गेलं वर, अन् काच लावली तं तेलाले पाय फुटले काय? मले थांबायले टाइम नाई म्हणते."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी निघताना बाबांची पिशवी तपासणं सुरू झालं. फक्त बाबांची. इतर कामगारांच्या पिशव्या कुणी पाहत नव्हतं. असं का, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागेल. ती लिहायला मी पुष्कळ वर्षं टाळाटाळ केली आहे. मलाही बाबांचा संशय आला.

तो एकदम आला नाही. आमच्या दाराची बिजागरी वर्षानुवर्षं करकरायची, ती करकरेनाशी झाली होती. सायकलची चेन वाजत नव्हती. आणि दाराआड, पाण्याच्या मोठ्या पिंपामागे, रॉकेलचा एक जुना पत्र्याचा डबा आला होता, तो आधी नव्हता. घरात कुणी नसताना मी त्याचं झाकण काढून वास घेतला. बाबांच्या कपड्यांना यायचा तोच वास. मी घाईघाईने झाकण लावलं आणि डबा होता तिथे ढकलला.

छप्पन्न साली बाबांनी दीक्षा घेतली, तेव्हा ते तरुण होते. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की ते बुद्धाच्या तसबिरीसमोर उभे राहून पंचशील म्हणत. त्यातलं दुसरं शील, न दिलेलं न घेण्याचं. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, म्हणजे खरं तर ऐकत नव्हते. त्या दिवसांत मात्र चुलीजवळ बसून मी लक्ष देऊन ऐकू लागले. दुसऱ्या शीलाला त्यांचा आवाज बदलतो का? एका सकाळी तिथे ते थांबले आणि खाकरले. थंडीचे दिवस होते, माणूस खाकरतोच. पण मी दिवसभर ते खाकरणं घेऊन फिरले.

पिशवी तपासणं सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी बाबा पिशवीच घरी ठेवून गेले. पिशवी नाही तर तपासणी नाही. पण पिशवीबरोबर जेवणाचा डबाही घरीच राहिला. आई चिडली. "उपाशी राहून काय इज्जत वाचणार हाय? जा, देऊन ये." मी कॉलेज बुडवून डबा घेऊन सदरला गेले. तोवर मी वर्कशॉपच्या आत कधी गेले नव्हते.

पोचले तेव्हा मशीन सुरू होती. बाबांनी मानेने बाकाकडे खूण केली. बाकाशेजारी तेलाचा ड्रम होता आणि त्याला नवं कोरं कुलूप. बसल्या जागेवरून मला काच दिसली. आमच्या अंगणात घासलेली तीच चकती. मागची लाल रेघ उघडी पडली होती आणि तेल तिच्या खूप खाली होतं. मला वाटलं, म्हणजे शेठ खरं बोलत होते.

जेवणाची सुट्टी झाली. मशीन थांबली. त्याच वेळी छोटे शेठ आले आणि काचेसमोर वाकले.

"या, पाहा. सकाळी रेघेवर होतं. ते पाहूनच ड्रमाले कुलूप घातलं, चाबी माह्या खिशात. आता उद्या कुठून भरतो पाह्यतो ना मी. काहून गा मिस्त्री, भाजीत टाकता का तेल?"

दोघं-तिघं हसले. बाबांनी हात धुतले आणि डबा उघडला. "जरा थांबून पाहा, शेठ," एवढंच म्हणाले.

"तुमचं थांबणं लय झालं."

पण शेठ लगेच गेले नाहीत. पावत्या शोधत टेबलापाशी बसले. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. मी काचेपाशी जाऊन उभी राहिले. आम्हाला प्रॅक्टिकलला शिकवलं होतं की मोजमाप घेण्याआधी द्रव स्थिर होऊ द्यावा. ते मला तेव्हा आठवलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाबांच्या पाठीकडे पाहवत नव्हतं, म्हणून मी काचेकडे पाहत होते.

थोड्या वेळाने रेघ खालच्या बाजूने पुसट झाल्यासारखी वाटली. मी डोळे चोळले. आतून, वरून, मधासारखा ओघळ काचेवर उतरत होता. फार सावकाश, थंडीत गोठलेलं खोबरेल उतरावं तसा. तेल रेघेला टेकायला बाबांची दुसरी भाकर संपायची वेळ आली.

"शेठ," मी म्हणाले. ते पावत्याच चाळत राहिले. पुन्हा म्हणाले, "शेठ, इकडे येता का जरा?"

ते आले. काच पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. "तू ओतलं काय?"

"कशातून?" मी म्हणाले. "चाबी तर तुमच्याजवळ आहे."

त्यांनी खिसा चाचपला. जाऊन कुलूप ओढून पाहिलं. मग स्वतःच मशीन सुरू केली आणि काचेसमोर उकिडवे बसले. तेल त्यांच्या डोळ्यांदेखत रेघेवरून खाली गेलं. त्यांनी मशीन बंद केली. कुणी हसलं नाही.

"मग सांगायचं ना नीट," ते बाबांना म्हणाले.

बाबा डबा पुसत होते. म्हणाले, "सांगतलं होतं."

शेठनी खडूने पेटीवर लिहून ठेवायला सांगितलं की तेल सकाळीच पाहावे. त्या दिवसापासून पिशवी तपासणं बंद झालं. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले. मी डबा ज्या पिशवीतून नेला होता ती त्यांच्या हातात होती. खुंटीला लावायच्या आधी त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून माझ्यापुढे धरलं. आत रिकामा डबा होता.

"बाबा, असं काहून करता?"

त्यांनी पिशवी खुंटीला लावली. पिंपामागून तो पत्र्याचा डबा काढला. "हे काच बसवतानी काढलेलं जुनं तेल हाय. मोठ्या शेठच्या घरी जाऊन विचारून आणलं. सागाच्या चौकटीले लावतो, वाळवी लागत नाई." मग झाकणावर बोट ठेवून म्हणाले, "झाकण तिरपं लागलं होतं त्या दिवशी. मी असं लावत नाई."

मी झाकणाच्या कडेकडे पाहत राहिले.

"पाहायचंच होतं तं उजेडात न्यायचं होतं वं. वासानं काय समजते? नवं तेल मधासारखं असते."

त्यांनी स्टीलची ताटली घेतली, दारातल्या उजेडात बसून तिच्यात थोडं तेल ओतलं आणि ती माझ्यापुढे धरली. मला पाहायची गरज नव्हती. पण मी वाकून पाहीपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. तेल काळं होतं.