किट्टा नावाचा माल

सांगू का नको, असं करता करता दोन महिने गेले. आता चहा समोर आलाच आहे, तर सांगूनच टाकतो. फक्त एक आहे, मी सावकाश बोलतो. तेवढ्यात तुमचा चहा संपला तर दुसरा मागवा, पण मधे उठू नका. स्वतःची फजिती सांगायला माणूस किती धीर गोळा करून बसलेला असतो, तुम्हाला काय माहीत!

महाळुंग्यात आमची कंपनी. गाड्यांना लागणारे बारीकसारीक पार्ट बनवते. मी तिथला स्टोअरकीपर. शिक्षण सातवी. पण कुठला बुश कुठल्या रॅकवर, हे मला झोपेतून उठवून विचारा. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी साहेबांनी ठेवून घेतलंय, ते याच एका गुणावर. "काका, अमुक आहे का?" असं कुणी विचारावं आणि मी "न्हाई" म्हणावं, असं कधी झालेलं नाही. आधी "हाय" म्हणायचं, मग शोधायचं. याला गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा. ऐकून तुम्हीच ठरवा.

यंदा कंपनीत सुप्रिया आली. पिंपरीची पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. तिचे वडील आणि मी एकाच शिफ्टला होतो, म्हणून मला ती घरच्यासारखी. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

काम काय, ते तिनं मला स्टोअरमधल्या खोक्यावर बसून समजावलं.

"काका, गेटवरची वही वेगळी, तुमची वही वेगळी, मशीनशॉपचं एक्सेल वेगळं. बरोबर? आता माझा प्रोग्रॅम असा आहे की विचारणाऱ्यानं एकाच जागी, एकाच पद्धतीनं विचारायचं. कोणाकडे काय आहे ते प्रोग्रॅम शोधेल, तिघांकडून आणेल आणि एकत्र करून पुढ्यात ठेवेल."

मी जरा वेळ विचार केला. म्हटलं, "म्हंजी मी करतो त्येच की."

"तेच, काका. फक्त न चालता."

माझ्या गुडघ्यांना ते लगेच पटलं.

माझ्या सगळ्या वह्या बाहेर टायपिंगला गेल्या. टाइप करणाऱ्यानं माझी मराठी इंग्रजी अक्षरांत घातली. मग एक दिवस सुप्रिया लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"काका, हा किट्टा काय माल आहे हो?"

"काय?"

तिनं स्क्रीन फिरवली. के, आय, टी, टी, ए. मी एकेक अक्षर लावून वाचलं. किट्टा.

"तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हाच आलाय. पण गेटच्या वहीत एकदाही नाही, मशीनशॉपमध्येही नाही. म्हणजे हा माल गेटमधून न येताच स्टोअरमध्ये येतोय! मला वाटतं काहीतरी चुकतंय. उद्या पाहुण्यांना दाखवायच्या यादीतून काढून टाकू का?"

आता बघा, इथं मी गप्प बसलो असतो तर? "मला ठाऊक न्हाई, पोरी," इतकं जरी म्हणालो असतो तर? पण माझ्या वहीत आहे, आणि मला माहीत नाही? मला रिपेअर किट आठवलं, ऑइल सील किट आठवलं. म्हटलं, असेल त्यांच्यातलाच एखादा भाऊबंद.

"काढू नगंस," मी म्हणालो. "हाय त्यो माल. चौथ्या रॅकवर. मी बघितलाय."

"नक्की?"

"अगं, माझ्या हातानं ठेवलाय!"

तिचा चेहरा खुलला. तो खुललेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही माझ्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता गिऱ्हाईक कंपनीची माणसं तो प्रोग्रॅम बघायला येणार होती. मी सकाळी आठला चौथा रॅक उपसला. नाही. मग पाचवा, मग तिसरा. दहा वाजता गेटवरचे भागवत मदतीला आले. जालन्याकडचे, जिभेला हाड नाही.

"काय शोधायलात काका?"

"किट्टा."

"दिसतो कसा?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "गोल असतो."

"केवढा?"

"बेताचा."

भागवत दोन तास बेताचा गोल शोधत होते. तेवढ्यात मशीनशॉपमधून एक जण डोकावला. भागवतांनी त्याला सांगितलं, काकांचा किट्टा हरवलाय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी कँटीनमध्ये गेली. एक जण म्हणाला, "राव, कालच आमच्या लाइनवर दोन किट्टे पडले होते." दुसरा म्हणाला, "त्यो स्टीलचा, काकांना पितळी पायजे." मी ऐकत होतो. आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं! चार माणसांनी पाहिलाय म्हणजे असणारच की.

तीन वाजून गेले. घामाघूम होऊन बसलो आणि म्हटलं, आपलीच वही काढू, नोंदीत रॅक लिहिला असेल. वही उघडली. पहिल्या ओळीत माझ्याच अक्षरात, "स्पेसर मोठा". खाली, "कित्ता". त्याखाली, "कित्ता". पानभर. पुढच्या पानावरही.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कित्ताच.

तुमच्यातल्या तरुणांसाठी सांगतो. वर लिहिलंय तेच खाली असेल, तर पुन्हा सगळं लिहीत बसायचं नाही, कित्ता म्हणायचं. माझ्या आधीच्या स्टोअरकीपरनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. इतकी वर्षं रोज लिहिलेला शब्द इंग्रजी कपडे घालून आला, तर मी ओळखला नाही. वर म्हणालो, माझ्या हातानं ठेवलाय! एका अर्थी ते खोटं नव्हतं म्हणा. पण त्या अर्थानं मी म्हणालो नव्हतो.

धावत म्हणजे माझ्या परीनं धावत, वरच्या मीटिंगच्या खोलीत गेलो. दार अर्धवट उघडं होतं. साहेब विचारत होते, "हा किट्टा गेटमधून न येता येतो कसा?"

आणि सुप्रिया ठामपणे सांगत होती, "सर, मलाही शंका होती. पण स्टोअरच्या काकांनी स्वतः पाहिलाय. त्यांचा शब्द म्हणजे शब्द."

परत फिरावं, असं वाटलं. पण माझ्या शब्दावर त्या पोरीची नोकरी उभी होती. आत गेलो.

"साहेब, किट्टा न्हाई."

"संपला?"

"नव्हताच कधी. त्यो कित्ता हाय. वरच्यावानीच, असा त्याचा अर्थ. हिला शंका आलती, ही काढत हुती. म्याच म्हणालो, बघितलाय. खोटं बोललो."

पाहुण्यांतल्या बाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला. साहेब मात्र हसले नाहीत. सुप्रिया माझ्याकडे बघतही नव्हती.

बाईंनी डोळे पुसत तिला विचारलं, "दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"कित्ता आला की वरची ओळ घ्यायची, एवढंच प्रोग्रॅमला सांगायचंय. तासाभराचं काम आहे."

"मग शुक्रवारी दाखवा. पण त्याआधी काकांच्या वहीतले असले सगळे शब्द विचारून घ्या."

साहेब उठता उठता मला म्हणाले, "काका, यापुढे माहीत नसेल तर नाही म्हणायचं."

"व्हय साहेब."

संध्याकाळी सुप्रिया वही घेऊन खोक्यावर बसली. म्हणाली, "एका शब्दानं सांगायला काय झालं होतं, काका? माहीत नाही म्हणून?"

मला वाटतं, ज्याला विचारायला लोक येतात, त्याला हीच भीती असते. एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोण विचारायला येणार? तिच्या प्रोग्रॅमला ती भीती नाही. त्याच्याकडे नसेल तर तो सरळ सांगतो, नाही. एवढ्यापुरता तो माझ्यापेक्षा शहाणा.

तिनं लिहायला घेतलं. "व.प्र. म्हणजे?"

"वरीलप्रमाणं."

"ना.दु.?"

"नादुरुस्त."

"आणि हा 'ह.'? बऱ्याच मालापुढे आहे. मी हजर धरून सगळा शिल्लक दाखवलाय. बरोबर ना?"

मी खाली बघितलं. तो शब्द पूर्ण लिहायची मला कायम लाज वाटायची, म्हणून एकच अक्षर घालत आलो होतो.

"काका? हजरच ना?"

या वेळी मात्र मी सरळ म्हणालो, "न्हाई, पोरी. हरवला."