गप्प आणि शांत

शमीमताई गेल्याचा निरोप साताऱ्यात माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी माझ्या मुलीच्या, जान्हवीच्या, केसांना तेल लावत होते. फोन मिरजेहून, त्यांच्या भावाचा होता. "ताई, शमीम गेली ओ... सकाळी." फोनमधून त्यांचे नाव ऐकताच जान्हवी म्हणाली, "शनिवार." शनिवारी आपण मिरजेला जातो, एवढाच त्या नावाचा तिच्या लेखी अर्थ होता. मी "हो" म्हणाले. तिला हे सांगायचे कसे, हे जिला विचारावे अशी एकच व्यक्ती होती, आणि तीच गेली होती.

जान्हवी आता तेरा वर्षांची आहे, स्वमग्न आहे. सात वर्षांची असताना नेहमीचा रस्ता बदलला, कोणी मोठ्याने शिंकले, एवढ्यानेही ती किंचाळत कपाळ भिंतीवर आपटून घेई. शाळेने तिला घरी न्यायला दोनदा नम्रपणे सांगितले, तिसऱ्यांदा तितक्या नम्रपणे नव्हे. मग कोणीतरी शमीमताईंचे नाव सुचवले. त्या विशेष शिक्षिका. माहेर तंबोरे बनवणाऱ्यांचे. त्यांच्या दोन खोल्यांच्या वर्गात जान्हवीने पहिल्याच दिवशी आकांत मांडला आणि मी ओशाळून म्हणाले, "माफ करा, आत्ता शांत करते हं तिला... ए, गप्प! गप्प बस!" त्या हसल्या. "आवं ताई, ह्याला शांत करणं म्हणत्यात व्हय? तुमी कालेजात मराठी शिकिवता न्हवं? गप येगळं, शांत येगळं."

मग त्यांनी कोपऱ्यातला एक भोपळा पुढे ओढला. तडा गेल्यामुळे तंबोऱ्याला न चाललेला. त्याच्या तोंडाशी ओठ नेऊन, जान्हवीकडे न पाहता, त्या स्वतःच गुणगुणू लागल्या. पुढचे कितीतरी शनिवार हेच. कधी खालचा स्वर, कधी वरचा... माझी अधीरता त्यांनी ओळखली असावी. "तार घुमावी म्हनून जवारी लावताना अब्बा तारेखाली दोरा सरकवायचे. केसभर हिकडं, केसभर तिकडं. घाई केली की तार नुसती वाजती, बोलत न्हाई." चौथ्या महिन्यात जान्हवीने भोपळ्याच्या पाठीला गाल टेकवला आणि तिचा स्वर तिला सापडला. एकच, खोल, लांब. पुढे भोपळाही लागेनासा झाला. मनात काही दाटून येऊ लागले की ती डोळे मिटून तो स्वर लावी, आणि किंचाळी वाटेतच विरून जाई. एसटीत लोक वळून पाहत. "पोरगी मंत्र म्हणती का काय?" असे एका आजींनी विचारले तेव्हा शमीमताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "व्हय, तुमी बी म्हणा." मी मात्र खिडकीबाहेर पाहत राहिले.

शोकसभा सांगलीत, एका सभागृहात झाली. त्यांच्या वर्गाकडे कधी न फिरकलेले चार जण त्यांना 'माउली' म्हणाले. ध्वनिक्षेपक करकरत होता, खुर्च्या सरकत होत्या. जान्हवीने दीड तास सारे सहन केले. शेवटी सूत्रसंचालकांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. त्या एकाएकी पसरलेल्या स्तब्धतेत जान्हवीने डोळे मिटले आणि स्वर लावला... शमीमताईंनी चार महिने शोधलेला स्वर, त्यांच्याच फोटोसमोर. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "अहो, त्या मुलीला जरा आवरा. निदान आज तरी!" आणि मी माझा तळहात तिच्या तोंडावर दाबला. दोन मिनिटे पूर्ण होईपर्यंत. हाताखाली तिचा स्वर थरथरत राहिला, मग थांबला. ती किंचाळली नाही. बाहेर पडताना त्याच गृहस्थांनी कौतुक केले, "गुणी आहे हो मुलगी."

याला सहा आठवडे झाले. तिथे जे बोलायला हवे होते ते बोलले नाही, म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच काही छापायला देत आहे. त्या सभागृहात शमीमताईंना श्रद्धांजली वाहणारी एकटी माझी मुलगी होती, आणि तिला मी गप्प केले.

तेव्हापासून जान्हवीने स्वर लावलेला नाही. मिक्सर सुरू झाला, दार आपटले, की ती स्वतःचाच तळहात तोंडावर दाबते, बोटे पांढरी पडेपर्यंत. शेजारी म्हणतात, केवढी सुधारली! शनिवारी मी तिच्याशेजारी बसते, आणि माझ्या बेसूर, संकोची आवाजात तो स्वर शोधत राहते... ती ऐकते. हात काढत नाही.