कोणी न मागितलेली चाल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेला गावातला आमचा शेजारी हैदराबादेत कॉम्प्युटर गेमसाठी संगीत रचायचा. सणाला घरी आला, की बोलताना गुडघ्यावर बोटं वाजवत राहायचा. एका दिवाळीत त्यानं आम्हाला नव्या गेमची कॅसेट ऐकवली. व्हायोलिनं, नगारे, तुताऱ्या. अंगणात जणू लढाईच जुंपली. गावात राहणारी त्याची बायको म्हणाली, "लय मोठं हाय. पण याच्यात तुमी कुठीच आयकू येत नाई."

त्यानं कॅसेट बंद केली. पेटी ओढली आणि मान खाली घालून एक साधी, छोटीशी चाल वाजवली.

"तिकडं एकटा असलो का हेच सुचते," तो म्हणाला. "पण हे कोणी मागत नाई."

"मी मागून राह्यली ना," ती म्हणाली.

त्यानं ती चाल पुन्हा वाजवली. मी हळूच उठून घरी आलो. सकाळी त्याला हैदराबादची बस गाठायची होती.