चुन्याची खूण

बाबा रेल्वेत चावीवाले आहेत. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासायचा, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्याने ठोकून बसवायच्या आणि कुठे मोडतोड दिसली तर कळवायची, हे त्यांचं काम. त्यांचा रूळ जंगलातून जातो. ओल्या मातीत वाघाचे ठसे दिसले की ते जरा थांबतात, खाकरतात आणि पुढे जातात. घरी यायच्या आधी नोंदवहीच्या अरुंद रकान्यात एक शब्द लिहितात : ठीक.

या शब्दावरून आमचं जुनं भांडण आहे. मी विहाराबाहेरच्या टेबलावर मिळणाऱ्या पुस्तिका वाचून वाढले. आई तांदूळ निवडताना मला त्या मोठ्याने वाचायला लावायची. प्रश्न विचारा, लेखी विचारा, उत्तरही लेखी मागा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. तीनशे पासष्ट दिवस सगळं ठीक कसं असेल, असं मी बाबांना विचारायची. रकान्यात तेवढंच मावते, असं ते म्हणायचे. मला ती पळवाट वाटायची.

गेल्या वर्षी नाल्यावरच्या पुलाजवळ दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला केसाएवढी चीर पडली. बाबांनी सेक्शनच्या साहेबांना दोनदा तोंडी सांगितलं. साहेब स्वतः पाहून गेले. नवी पट्टी आलेली नव्हती. आली असती तरी ती बसवायला तासभर गाड्या थांबवाव्या लागतात, आणि कोळशाच्या गाड्यांमधून तो तास मिळत नव्हता. मी वर बोलतो, तोवर वहीत ठीक लिहा, असं साहेब म्हणाले. बाबांनी लिहिलं. याच रुळावरून सावली तालुक्याकडच्या बाया दवाखान्यासाठी चंद्रपूरला जातात, आई पण जाते.

वहीत नसली तरी बाबांनी खूण केली होती. रंग मिळत नाही, म्हणून ते तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन स्लीपरच्या टोकाला लावतात. चुन्याचं बोट दिसलं की इथे लक्ष ठेवायचं, हे रुळावर काम करणाऱ्या त्यांच्या सगळ्या गँगला ठाऊक आहे.

मग सुरक्षा तपासणारे मोठे साहेब येणार असल्याचं कळलं. हे साहेब रेल्वेच्या नव्हे, विमानांच्या खात्याखाली येतात. खालच्यायले दिसत नाई म्हणून वरून पाहणारा बोलावला, असं गँगमधल्या एकाने म्हटलं आणि सगळे हसले. मला मात्र ती रीत पटली. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासू नये. या मोठ्या साहेबांच्या हातात द्यायला मी एक पत्रक लिहिलं. मथळा दिला, ‘प्रवाशांना चुना’. सेक्शनच्या साहेबांना त्यात ‘बेजबाबदार’ म्हटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पुलाचे कठडे, कडेचे दगड, स्लीपरची टोकं, सगळं चुन्याने पोतायचा हुकूम आला. बाबा सकाळपासून त्याच कामात होते. दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा घास त्यांच्या हातातच राहिला.

“मी माहीच खूण पोतून टाकली,” ते म्हणाले.

मग हळूहळू बोलले. चीर दाखवली तर इतके दिवस लिहिलेलं ठीक खोटं ठरणार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, त्यात चौकशी लागणार. मी खिशातलं पत्रक काढलं, तर म्हणाले, “तो कागद ठेव. सांगाचं असन तर मी सांगीन.”

दुसऱ्या दिवशी मी पुलाजवळच्या फाटकावर उभी होते. साहेबांना घेऊन रुळावरून आलेली ट्रॉली थांबली. मोठ्या साहेबांनी विचारलं, सब ठीक है? सेक्शनचे साहेब हो म्हणाले. रुळाच्या कडेला उभे असलेले बाबा पांढऱ्या टोकांच्या रांगेकडे गेले. सगळी टोकं सारखीच. मग ते वाकले आणि एकेका जोडावर हातोडा मारत निघाले. टण. टण. तिसऱ्या जोडावर आवाज बसला.

“साहेब, इथी पट्टी चिरली आहे. मले ठाऊक होतं. वहीत मी ठीक लिहून राह्यलो, ते खोटं आहे.”

मोठे साहेब खाली उतरले आणि रुमालाने पट्टीवर उडालेला चुना पुसून त्यांनी चिरेवरून नख फिरवलं. दुपारच्या आत तिथे गाडी हळू नेण्याचा फलक लागला. चार दिवसांत पट्टी बदलली, तो तासही मिळाला.

सेक्शनचे साहेब त्या दिवशी कडेच्या दगडावर बसून राहिले होते. पँटला चुना लागला तरी उठले नाहीत. मोबाइलवर त्यांनी बाबांना आपली पत्रं दाखवली. गाड्या थांबवायला तास मागणारी तीन पत्रं, उत्तर एकाचंही नाही.

“भाऊ, बरं झालं तुम्ही बोललात. माझ्याने झालं नसतं.”

मी पत्रकातला ‘बेजबाबदार’ खोडला. तो शब्द कुठे लिहायचा, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मेमो बाबा आणि सेक्शनचे साहेब, दोघांनाही आला : खोटी नोंद का केली? बाबांसाठी मी दीड पान उत्तर लिहिलं. तपासणारे वेगळे असले तरी ते वर्षातून किती वेळा येणार, रोजची वही कोण वाचतं, वगैरे. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घडी करून मला परत दिलं.

“हे तू छाप. माहं उत्तर मी लिहितो.”

त्यांनी लिहिलं : ‘चूक माझी आहे. वहीत ठीक लिहायला जागा आहे, चीर लिहायला नाही. जागा द्यावी.’

मेमोचा निकाल अजून लागलेला नाही, नवी वहीही आलेली नाही. बाबा जुन्याच वहीच्या समासात आडवं लिहितात. चुना आता फक्त तंबाखूला. खुणेसाठी ते खिशात गेरूचा खडा नेतात.