आत्याने निवडलेला नीटनेटका ठिपका

आमची आत्या रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं जंतू वाढवत होती. टापटिपीचं तिला भारी वेड. वाकडी ठेवलेली चप्पलसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपायची, मग आम्ही भाचरं कुठून सुटणार?

एकदा वरच्या बालविभागात तीन मुलांना न्यूमोनिया झाला. तिघांतही जंतू एकच असेल तर तो खाटेवरून खाटेवर पसरतोय, म्हणजे विभाग रिकामा करून बाकीच्या मुलांनाही औषध द्यायला हवं. आत्याने तिघांच्या जंतूंवर तपासणीचा द्रव टाकला. जंतूच्या अंगावर ठरावीक साखरेचं आवरण असलं की त्याच्या गुठळ्या होतात. दोघांच्या झाल्या, तिसऱ्याच्या नाहीत. 'जंतू वेगळा' असा अहवाल वर गेला आणि विभाग चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवायच्या जुन्या काचेच्या बशा टाकायला काढताना तिचा हात थबकला. तिसऱ्या मुलाची पहिली बशी जंतूंच्या शेंबडासारख्या ठिपक्यांनी बरबटली होती. कडेला दोन-चार बारके, कोरडे ठिपके. त्यातला तपासायला तिने कुठला उचलला होता? अर्थात नीटनेटका!

हे जंतू मोठे बेरकी. शेंबडासारखं दिसतं ते त्यांचं साखरेचं आवरणच. आवरणवाला रक्तातल्या पेशींच्या हातावर तुरी देतो. एखादं जनुक बिघडलं की आवरण बनत नाही, आणि त्या उघड्या जंतूचा पेशी चट्टामट्टा करतात. बशीत मात्र त्याला खायला कुणीच नसतं, तिथे तोही सुखाने वाढतो. मुलाला आजारी पाडलं शेंबड्याने, आणि आत्याने तपासला त्याचा गरीब बिचारा भाऊ.

तिने शेंबड्यावर द्रव टाकला. मिनिटभरात गुठळ्या झाल्या.

"नमुना खराब होता असं लिहू या," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "उगाच तुमच्या नावाला बट्टा कशाला?"

"नमुना चांगला होता, साहेब. निवड माझी चुकली, तसंच लिहिणार. आधी वर फोन करते, मग हवं तेवढं ओरडा."

दुपारपर्यंत विभाग रिकामा झाला, उरलेल्या मुलांना औषध सुरू झालं. संध्याकाळी त्यातल्या चार महिन्यांच्या मुलीला ताप चढलाच. पण औषध लागू पडलं, पोरगी वाचली. मला आत्याचा फार अभिमान वाटला.

नवव्या दिवशी ती मुलगी घरी निघाली, तेव्हा आत्या जिना चढून वर गेली आणि तिच्या आईला म्हणाली, "हिला औषध एक दिवस उशिरा मिळालं, ते माझ्यामुळे."

आईने मुलीला घट्ट धरलं. मग एक शब्दही न बोलता निघून गेली.

"चिडलीस का तिच्यावर?" मी आत्याला विचारलं.

"छे! तिच्या जागी मी असते, तर इतकी गप्प राहिले नसते."